साहेबांचा गळा

पक्षाच्या ऑफिसात मला सगळे "साहेबांचा गळा" म्हणायचे. ऑफिसाबाहेर ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती, आणि नसावी अशीच व्यवस्था होती. साहेब म्हणजे आमचे नगरसेवक. त्यांचं राजकारण भाईंदर पश्चिमेच्या बिल्डिंगांपासून थेट उत्तन, डोंगरी, पालीपर्यंत पसरलेलं. मी एका रंगाच्या कंपनीत बिलं पाठवण्याचं काम करणारा, लग्नानंतर गिरगावातून इकडे येऊन राहिलेला साधा माणूस. आमच्यात सारखं असं काहीच नव्हतं. फक्त मला त्यांचा आवाज काढता यायचा.

सुरुवात आमच्या सोसायटीच्या गणपतीत झाली. करमणुकीच्या कार्यक्रमात मी साहेबांची नक्कल केली आणि मान वर करून बघतो तर साहेब स्वतः मंडपाच्या दारात उभे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण ते पोट धरून हसले, आणि पुढच्या निवडणुकीत ऐन प्रचारात त्यांचा घसा बसला तेव्हा त्यांनी मलाच बोलावणं धाडलं. ऑफिसच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, दार लावून घेतलं आणि रिक्षावर वाजवायची घोषणा मी त्यांच्या आवाजात रेकॉर्ड केली. "माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणताना माझ्या अंगावर काटा आला होता. दुसऱ्या दिवशी ती रिक्षा आमच्या बिल्डिंगखालून गेली. शेजारचे गुजराती काका गॅलरीतून म्हणाले, "साहब की आवाज में दम है, हां." मी मान डोलावली आणि घरात येऊन एकटाच हसत बसलो.

खरं सांगायचं तर मी साहेबांची हुबेहूब नक्कल कधी केलीच नाही. साहेब शेवटची अक्षरं गिळतात, थोडे नाकात बोलतात, आणि समोरचा बोलत असताना त्यांचं लक्ष भलतीकडे असतं ते आवाजात कळतं. हे सगळं मी काढून टाकलं. माझा साहेब सावकाश बोलायचा. कोणाचं नाव घेण्याआधी किंचित श्वास घेऊन थांबायचा, जणू ते नाव त्याच्या मनात होतंच. लोकांना हा साहेब फार आवडला. मग घोषणांवरून गाडी फोनवर आली. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या मुलीचा बारावीचा निकाल, कोणाच्या घरी मयत. संध्याकाळी कामावरून सुटलो की मी ऑफिसात बसायचो आणि फोन लावायचो. साहेबांना वेळ नसायचा आणि मला हौस होती.

बायको वैतागायची. सोसायटीच्या सेक्रेटरीशी पाण्यावरून भांडताना माझ्या तोंडून नकळत साहेब बोलायला लागायचा, आणि सेक्रेटरी गप्प व्हायचा. "घरात तरी स्वतःच्या आवाजात बोला," ती म्हणायची, "मी लग्न तुमच्याशी केलंय."

या सगळ्या फोनांत एक फोन माझा खास होता. पालीला एक मावशी राहायच्या. त्यांच्या नवऱ्याची होडी एका वादळात गेली ती परत आली नाही. साहेब तेव्हा लोणावळ्याला होते. सांत्वनाचा फोन मी केला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी फारसं बोललोच नाही, त्या बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, तुमी फोन ठेवला न्हाय, हेच लय झालं." तेव्हापासून नाताळला, गावच्या सणाला, कधी उगीचच मी त्यांना फोन करायचो. पोरगा बाहेरगावी, त्यांच्या घरात मत एकच, त्यामुळे साहेबांना त्याचं काही नव्हतं, त्यांना ते ठाऊकही नव्हतं. एरवी माझं बोलणं इतकं मन लावून कोणी ऐकत नाही, बायकोसुद्धा नाही. मावशी ऐकायच्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी मला पाहण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तरी ते नातं मला माझ्या मालकीचं वाटायचं.

या वेळची निवडणूक लागली आणि साहेबांच्या सूनबाईंनी प्रचार हातात घेतला. हुशार पोरगी, बोलायला गोड, मला काका म्हणते. तिने ऑफिसातल्या खुर्च्या हलवल्या, भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि एका दुपारी सगळ्यांना जमवून म्हणाली, "आता पप्पांचा आवाज कॉम्प्युटर काढणार. सगळ्या मतदारांना पप्पा स्वतः नावाने फोन करणार. लोक काही विचारतील त्याला उत्तरपण देणार. मराठीत, हिंदीत, गुजरातीत."

मग तिने स्पीकर लावला. साहेब बोलायला लागले.

काय सांगू! मी खुर्चीत अवघडून बसलो. तो आवाज सावकाश होता, खणखणीत होता, कुठे अडखळत नव्हता. गुजराती तर असं की मला सात जन्मांत जमलं नसतं. आणि नाव घेण्याआधी तो किंचित श्वास घेऊन थांबला. म्हणजे तेवढंही या यंत्राने उचललं होतं. इतकी वर्षं घासून मी साहेबांच्या जितका जवळ गेलो होतो, त्याच्या पुढे ते एका झटक्यात जाऊन बसलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तर सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मीही टाळ्या वाजवल्या, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आणि हे मला लपवायचं नाही.

"काका, तुम्हाला आता आराम," सूनबाई म्हणाली. "गळ्याला किती ताण यायचा ना?"

मी हसलो. मनात म्हटलं, आराम गेला चुलीत.

त्यानंतरचे दिवस मी नुसता जळत होतो. माणसाने माणसावर जळावं, त्यात निदान समोरचा कधीतरी आजारी पडेल, चुकेल, म्हातारा होईल अशी आशा असते. हे यंत्र एकाच वेळी हजार घरांत बोलत होतं आणि त्याला खोकलासुद्धा येत नव्हता. मी त्याच्या चुका शोधायला लागलो. लोकांना मुद्दाम विचारायचो, "काय, साहेबांचा फोन आलेला का? कसा वाटला?" लोक खूश होऊन सांगायचे. एक जण म्हणाला, "या टायमाला साहेबांनी गटाराचं विचारलं, माझं सगळं ऐकून घेतलं." माझ्या पोटात दुखायला लागायचं.

एकदा मी कामावरून घरी आलो तर बायको म्हणाली, "मघाशी तुम्हीच फोन केलात ना, साहेबांच्या आवाजात? मला ताई म्हणालात. काय हा चावटपणा."

मला वाटलं ही टोमणा मारतेय. मी इतका चिडलो की न जेवता गॅलरीत जाऊन बसलो. ती ताट घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, खरंच मला वाटलं तुम्हीच बोलताय." मी तिच्याकडे पाठ फिरवली. समोर मिठागरांवर ऊन उतरत होतं, आणि मला जगात कोणाचंच तोंड बघायचं नव्हतं.

मग तो नाताळ आला. सकाळी मी मावशींना फोन लावला. दाराला कडी घातली, घसा साफ केला, साहेब झालो. मावशी म्हणाल्या, "साहेब, परत? आताच तर बोललो आपण. माझा गुडघा, पोराची नोकरी, सगळं इचारलं तुमी. लय बरं वाटलं." मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "पयल्यांदी तुमी लवकर ठेवायचे फोन. आता ठेवत न्हाय. देव तुमचं भलं करो."

मी लवकर ठेवायचो! बायको हाक मारायची म्हणून ठेवायचो, पहाटेची गाडी असायची म्हणून ठेवायचो. यंत्राला बायको नव्हती. मी फोन हातात धरून तसाच बसलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं की या यंत्राचं वाटोळं व्हावं.

आणि झालंच तसं काहीतरी. मतदान तोंडावर असताना सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक क्लिप फिरायला लागली. साहेब कोणाशी तरी बोलतायत, हसून सांगतायत: उत्तन-पालीवाल्यांची काय काळजी करता, दोन बाटल्या दाखवल्या की ती मतं आपलीच. आवाज अगदी तोच. नाव घेण्याआधीचा श्वाससुद्धा. पाली-उत्तनमध्ये साहेबांचे बॅनर फाटले, डोंगरीत त्यांची गाडी अडवली. साहेब टीव्हीच्या माणसांसमोर ओरडून सांगत होते की हा मी नाही. पण ओरडताना ते नाकात बोलत होते, अक्षरं गिळत होते, आणि लोक म्हणत होते, बघा, आता आवाज बदलून बोलतोय.

मला आनंद झाला का? थोडा झाला. मी देवमाणूस नाही.

पोलिसांत तक्रार गेली, आणि दोन-तीन दिवसांत सायबरच्या ऑफिसातून मला बोलावणं आलं. ऑफिसातल्याच कोणीतरी सांगितलं होतं की साहेबांचा आवाज काढणारा एक माणूस आहे आणि हल्ली तो नाराज आहे. बायकोने माझ्या शर्टाची बटणं नीट लावली आणि म्हणाली, "तिथे तरी तुमच्याच आवाजात बोला."

तिथल्या इन्स्पेक्टर मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. चहा मागवला, मला साहेबांच्या आवाजात आणि माझ्या आवाजात बरीच वाक्यं बोलायला लावली आणि कॉम्प्युटरकडे बघत बसल्या. पडद्यावर रंगीत रेघा नाचत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "काका, या क्लिपमधला आवाज तुमच्या साहेबांचा नाहीये. तुमचा आहे."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण त्याच्याही आधी, क्षणभर, एक वेगळीच गोष्ट झाली. माझी छाती फुगली. इतक्या वर्षांत मला या आवाजात ओळखणारा कोणीतरी भेटला होता, आणि तो एक कॉम्प्युटर होता.

"मॅडम, मी नाही केलं हे," मी म्हणालो. "देवाशपथ नाही."

"ते मलापण दिसतंय. हे कोणी तोंडाने बोललेलं नाहीये, मशीनने बनवलंय. पण ज्या आवाजावरून बनवलंय तो तुमचा आहे. आता मला सांगा, मशीनला तुमचा आवाज दिला कोणी? तुम्ही?"

मी डोकं धरून बसलो. मग हळूहळू उजाडायला लागलं. सूनबाईने यंत्राला शिकवायला रेकॉर्डिंग कुठून घेतली असतील? साहेबांच्या सभांत मागे ढोल आणि फटाके. एकही रेकॉर्डिंग स्वच्छ नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वच्छ आवाज एकच, गोधड्या टांगून काढलेला, सगळ्या निवडणुकांचा, आणि प्रत्येक फायलीवर साहेबांचं नाव. मी फोन करतो एवढं तिला ठाऊक होतं, पण त्या जुन्या फायलींतला आवाज सासऱ्यांचा नाही, हे लग्न होऊन आलेल्या पोरीला कोण सांगणार? तिने ओळखला कसा नाही, तर घराघरात, रिक्षांवर, फोनवर सगळ्यांना साहेब म्हणून हाच आवाज ठाऊक होता. आणि मी, ज्याच्या गळ्यातून तो निघाला, त्यानेही नाही ओळखला. सगळ्या वॉर्डात तो एकाच माणसाने ओळखला, आणि तिला मी गॅलरीतून पाठ दाखवली होती. मी जळत होतो तो माझ्यावरच.

यंत्राचे फोन हजारो घरांत गेले होते. कोणीही एखादा फोन रेकॉर्ड करावा आणि त्यावरून दुसऱ्या यंत्राकडून हवं ते वदवून घ्यावं. मॅडमनी समजावलं की आता एवढं सोपं झालंय. "पण काका, हे मला कागदावर पाहिजे. तुमच्या साहेबांनी स्टेटमेंट द्यायला पाहिजे की ती जुनी रेकॉर्डिंग तुमची आहेत आणि तुम्ही ती मशीनला दिली नाहीत. नाहीतर आवाज तुमचा, नाराजी तुमची. मी काय समजू?"

म्हणजे सगळं साहेबांवर आलं. त्यांनी खरं सांगितलं तर मी सुटणार, पण मग लोकांना कळणार की वाढदिवसाला, मयताला त्यांना फोन करणारा साहेब नव्हताच. त्यांनी हात वर केले तर या वयात माझ्यावर केस. मी त्यांच्या घरी गेलो. साहेब सोफ्यावर बसले होते, बाजूला सूनबाई रडून डोळे लाल करून. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे आमच्या घराण्याचा आवाजपण आमचा नाय," साहेब म्हणाले. नाकातून, अक्षर गिळून. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी रोज आरशात बघत होतो. साहेब माझ्यावर जळत होते.

पण ते आले. मॅडमसमोर बसून त्यांनी सांगितलं की रिक्षावरच्या घोषणा याच्या आहेत, हा माझा माणूस आहे, याने काही केलेलं नाही. फोनांचं त्यांनी सांगितलं नाही, मॅडमनी विचारलं नाही, मीही तोंड उघडलं नाही. पुढे क्लिप बनवणारा कुठल्या तरी दुसऱ्या शहरात सापडला. आमच्याकडच्या कोणाला तो ओळखतही नव्हता, सांगितलेलं काम करून मोकळा झालेला माणूस.

तोवर प्रचार थांबवून चालणार नव्हतं. सूनबाईने घाईघाईने साहेबांचा खरा आवाज रेकॉर्ड करून यंत्राला शिकवला. लोकांनी फोन कापायला सुरुवात केली. "ये साहब नहीं है, कोई फ्रॉड है," असं म्हणून काहींनी तर नंबर ब्लॉक केला. दोन दिवसांत तिने माझा आवाज परत लावला. मला विचारायला घरी आली होती, पेढे घेऊन. "काका, प्लीज. तुमच्याशिवाय पप्पा पप्पा वाटतच नाहीत." मी हो म्हणालो. हो म्हणताना मला केवढं जिंकल्यासारखं वाटलं होतं!

फक्त मावशींचा सल जात नव्हता. बाकी सगळी घरं यंत्राने घ्यावीत, मावशी नकोत. त्यांना खरं सांगायचं मी ठरवलं. एका रविवारी स्टेशनजवळून उत्तनची बस धरली, पुढे रिक्षा, आणि पालीच्या बोळांतून विचारत विचारत त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. दाराशेजारी क्रूस, ओट्यावर सुकत घातलेले बोंबील, आणि ते निवडत बसलेल्या मावशी. मी समजत होतो त्याहून पुष्कळ लहानखुऱ्या.

"साहेबांच्या ऑफिसातून आलोय," मी म्हणालो.

त्यांनी मला बसायला दिलं, पाणी दिलं. मी क्लिपचा विषय काढला. त्या फणकारल्या. "ते खोटं हाय. अख्खं गाव पेटलं, पण मी सांगलं सगळ्यांना, आमचे साहेब असं बोलायचे न्हाय. माझा दादला गेला तवा त्यांनी फोन ठेवला न्हाय. त्यांचा आवाज मला ठाव हाय."

माझे डोळे भरून आले. याहून चांगली वेळ कुठली? मी पाण्याचा पेला खाली ठेवला, घसा साफ केला, किंचित श्वास घेतला, आणि त्या पहिल्या, सांत्वनाच्या फोनवर म्हणालो होतो तेच म्हणालो, त्याच आवाजात: "मावशी, मी आहे. तुम्ही बोला."

मावशींनी हातातला बोंबील खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, शर्टाकडे, चपलांकडे बघितलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा, तू साहेबांचा मानूस, म्हणून काय बोलत न्हाय," त्या म्हणाल्या. "पण त्यांची अशी नक्कल करू नको. तुला जमतबी न्हाय."

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी पदराला हात पुसले, बटण दाबलं आणि ओट्यावर माझा आवाज घुमला. तो किंचित थांबला, त्याने श्वास घेतला आणि त्यांचं नाव घेतलं. मावशींचा चेहरा उजळला. इतकी वर्षं मी फोन करायचो, पण हा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. मी पुढे सरकून पुन्हा म्हणालो, "मावशी, अहो तो मीच..."

त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"गप रं जरा," त्या म्हणाल्या. "साहेब बोलतायत."